लाईट गेल्यावर रेकॉर्डिंगचं काय होतं?

२०१० च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी आईच्या मालिकेचे भाग अर्धवट रेकॉर्ड व्हायला लागले. संध्याकाळी सात ते नऊ ती मुलांच्या शिकवण्या घ्यायची. त्यामुळे आठची मालिका तिला रात्री जेवणं आवरल्यावर, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी बघायला लागायची. भारनियमनाचं वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून तिने फडताळाच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि कडेला पेन्सिलीने कार्यक्रमांच्या वेळा लिहिल्या होत्या. दुपारी सव्वाला लाईट जायची, संध्याकाळी सव्वाआठला. दुपारी एकचा पाककृतींचा कार्यक्रम मधेच लाईट गेली तरी सबंध मिळायचा. आठची मालिका मात्र पंधरा मिनिटांवर तुटायची. बॉक्स तोच, इन्व्हर्टर तोच, बॅटरीत पाणीही बरोबर. "इन्व्हर्टर आहे, बॉक्सचा दिवा पेटलेला आहे, मग हा संध्याकाळीच का थांबतो रे?" आईच्या या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. या प्रकरणात ते नीट द्यायचं आहे, कारण घरातली वीज कशी वागते हे त्या एका उत्तरातून फार चांगलं कळतं.

आधी एक गैरसमज दूर करू. रेकॉर्डिंगसाठी टीव्ही चालू असावा लागत नाही. वाहिनी पकडणारा ट्यूनर बॉक्समध्ये असतो, साठवणारी डिस्कही बॉक्समध्येच. टीव्हीचं काम फक्त दाखवण्याचं. तरीही रेकॉर्डिंग नीट व्हावं म्हणून अंधारात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू ठेवणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॉट-तास असतात, हाती लागतात त्याच्या दोन तृतीयांश. २१ इंची जुना काचेच्या नळीचा टीव्ही एकटाच ८०-१०० वॉट खातो, रेकॉर्डिंगचा बॉक्स वीसेक. म्हणजे टीव्ही बंद ठेवला की तेवढ्याच बॅटरीवर एक पंखा जास्त फिरतो.

आता सिग्नलची वाट बघू. डीटीएचचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो आणि त्याची वीज सूर्याकडून येते. कार्यक्रम वर पाठवणाऱ्या केंद्रात जनरेटर असतात. आपल्या गल्लीतली डीपी उडाली काय किंवा सगळा तालुका अंधारात गेला काय, आपल्या गच्चीवर सिग्नल पडतच राहतो. डिशच्या दांड्यावर जी छोटी डबी असते, ज्याला एलएनबी म्हणतात, तिला मात्र वीज लागते. पण तिची वेगळी वायर नसते. जी केबल सिग्नल खाली आणते तिच्यातूनच बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. कोणत्या ध्रुवणाच्या लहरी घ्यायच्या हेही एलएनबीला या दोन आकड्यांवरून कळतं. म्हणून घरच्या डिशला एक बॉक्स जिवंत ठेवणं पुरतं.

सोसायटीत सगळ्यांची मिळून एकच डिश असेल तर गणित बदलतं. अशा ठिकाणी गच्चीवर सिग्नल वाटणारा एक मल्टिस्विच असतो आणि तो बहुतेक वेळा जिन्याच्या दिव्यांच्या मीटरवर जोडलेला असतो. लाईट गेली की तुमच्या घरातला इन्व्हर्टर कितीही दणकट असला तरी वरून काहीच येत नाही. केबलचंही तसंच. खांबावरचे, कुणाच्या गॅलरीतले सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर गल्लीच्याच विजेवर चालतात. जिथे केबलवाल्याने त्यांना बॅटरी दिली नाही, तिथे घरात उजेड आणि पडद्यावर अंधार असतो. भारनियमनाच्या काळात तालुक्याच्या गावांत लोक केबल सोडून डिशकडे वळले, त्यामागे हेही एक कारण होतं असं मला वाटतं.

त्या काळाबद्दल थोडं सांगायला हवं. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसणं ही नेहमीची गोष्ट होती. मुंबई यातून वाचली. इतर ठिकाणी कुठे किती अंधार हे फीडरवरची वीजगळती आणि बिलांची वसुली पाहून ठरायचं. वेळेवर बिल भरणाऱ्या घरालाही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गळतीचा हिशोब भोगावा लागे, आणि हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटत होतं, आजही वाटतं. याच सुमारास, २००८ मध्ये, टाटा स्काय प्लसबरोबर हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारा डीटीएच बॉक्स आपल्याकडे आला. आपल्या वेळेला कार्यक्रम बघायची सोय आणि आपल्या वेळेला न मिळणारी वीज, दोन्ही एकाच घरात एकदमच नांदायला लागल्या.

कार्यक्रम साठवून आपल्या सवडीने बघायचा ही कल्पना त्याहून जुनी. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणलं, पुढच्या वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस. घरी असं रेकॉर्डिंग करणं कायदेशीर की नाही यावरून अमेरिकेत खटला चालला आणि १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रेक्षकाच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर दिसू लागले. त्यांवर बहुतेक लोक भाड्याने आणलेले सिनेमेच बघायचे. मग २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. रविवारी सकाळी लाईट गेली तर काय, म्हणून खेड्यांमध्ये १२ व्होल्टवर चालणारा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून ठेवलेला असायचा. ज्यांच्याकडे व्हीसीआर होता ते कॅसेट भरून तयार ठेवायचे.

व्हीसीआरचा घात व्हायचा तो विसरण्यामुळे. त्याचं घड्याळ घरच्या विजेवर चालायचं. काही मॉडेलांत ते थोडा वेळ टिकवून धरण्याची सोय असे, पुष्कळांत नसे. पहाटे चारला मिनिटभर लाईट गेली तरी परत आल्यावर पडद्यावर नुसती शून्यं लुकलुकत राहायची आणि साडेनऊचं लावलेलं रेकॉर्डिंग पुसलेलं असायचं. भर रेकॉर्डिंगमध्ये लाईट गेली तर फीत मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या गोल ड्रमभोवती गुंडाळलेली तशीच अडकून राहायची. वीज परत आली की यंत्र पहिल्यांदा ती सोडवून कॅसेटमध्ये ओढून घ्यायचं, आणि त्या ओढाताणीत फितीला सुरकुती पडायची. डीटीएचच्या बॉक्सला ही चिंता नाही. तारीख आणि वेळ त्याला उपग्रहाच्या प्रवाहातूनच मिळते, आणि कोणता कार्यक्रम भरायचा याची यादी वीज नसली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत असते. तो विसरत नाही. त्याची अडचण अशी की एकदा बंद पडला की जागा व्हायला त्याला फार वेळ लागतो.

रेकॉर्डिंग चालू असताना या बॉक्सच्या आत काय चाललेलं असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम मुळातच अंकांच्या रूपात, दाबून लहान केलेला असतो. बॉक्स चित्र काढत बसत नाही. येणारा प्रवाह तसाच डिस्कवर ओततो. साध्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला तीन मेगाबिट धरला तर तासाला सुमारे १.३५ गिगाबाइट होतात. डिस्कची चकती मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरत असते आणि लिहिणारं टोक तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. आपला केस त्याच्या हजारो पट जाड. टोक चकतीला टेकू न देण्याचं काम फिरण्याने तयार होणारी हवेची पातळ गादी करते.

आणि इथेच वीज जाते. चकती मंदावली की गादी विरणार आणि टोक खाली बसणार. हे टाळण्यासाठी डिस्क बनवणाऱ्यांनी जी युक्ती केली आहे ती मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वीज तुटली तरी चकती स्वतःच्या वेगाने फिरतच असते. तिला फिरवणारी मोटर त्या क्षणी उलटी वागते, म्हणजे जनित्र होते. फिरणाऱ्या चकतीतून निघालेली ती एवढीशी वीज टोकाला बाजूच्या उतारावर नेऊन ठेवायला पुरते. एकेकाळी ज्या क्षणाला डिस्क खराब व्हायची, त्या क्षणी आज ती स्वतःच्या गतीतून वीज काढून स्वतःला वाचवते. म्हणून लाईट गेल्याने डिस्क कायमची बिघडल्याची उदाहरणं त्या मानाने कमी दिसतात.

जातो तो मजकुराचा शेवट. येणारा प्रवाह आधी काही क्षण तात्पुरत्या स्मृतीत साठतो आणि मग डिस्कवर जातो. त्या स्मृतीतलं सगळं वीज गेल्याबरोबर पुसलं जातं. शिवाय डिस्कवर काय कुठे ठेवलं याची सूची बॉक्स ठरावीक वेळाने लिहितो. शेवटची नोंद व्हायच्या आधी वीज गेली तर गोदामात माल आहे पण खतावणीत त्याची नोंद नाही, अशी स्थिती होते. वीज आल्यावर बॉक्स पहिल्यांदा ही खतावणी तपासतो, मग आपली प्रणाली चालू करतो, एलएनबीला व्होल्टेज देतो, सिग्नल पकडतो, वाहिन्यांची यादी वाचतो. यात दोन मिनिटं जातात, कधी पाच. काही बॉक्स त्यानंतर उरलेला कार्यक्रम दुसरा तुकडा म्हणून भरायला घेतात. काही तो रेकॉर्डिंग फसल्याची खूण करून सोडून देतात. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटांचा मजकूर असतो. त्यातली पाच मिनिटं गेली की त्या दिवशीची नेमकी गोष्टच गेली.

पण इन्व्हर्टर असताना बॉक्स बंद का पडावा? बाहेरची वीज गेल्याचं ओळखून बॅटरीची वीज पुढे करायला इन्व्हर्टरला थोडा वेळ लागतो. आतला रिले एका बाजूने सुटतो आणि दुसऱ्या बाजूला चिकटतो. यूपीएससारखा चालत असेल तर साधारण १० ते १५ मिलिसेकंद, साध्या पद्धतीवर असेल तर ४० च्या आसपास. डोळ्याच्या एका उघडझापेला १०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात. पंख्याला ही फट कळतही नाही. बॉक्सच्या नशिबाचा निकाल मात्र त्या फटीतच लागतो. पुढचे दोन तास अंधार असला काय आणि दोन मिनिटं असला काय, त्याला सारखंच.

ती फट भरून काढायला बॉक्सच्या वीजपुरवठ्यात एक कपॅसिटर असतो, करंगळीच्या पेराएवढा उभा डबा. घरची २३० व्होल्टची वीज लाटेसारखी वरखाली होते आणि तिचं शिखर ३२५ व्होल्टचं असतं. कपॅसिटर जवळपास त्या शिखरापर्यंत भरतो. त्यातली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि सगळी मेख या वर्गात आहे. समजा कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा आहे, वाया जाणारी धरून बॉक्स २५ वॉट ओढतो, आणि आतलं व्होल्टेज १२० च्या खाली गेलं की त्याचा पुरवठा बंद पडतो. बाहेर २३० व्होल्ट असतील तर वापरता येण्याजोगी ऊर्जा सुमारे २.१ ज्यूल भरते आणि बॉक्स ८५ मिलिसेकंद तग धरतो. ४० ची फट सहज पार. आता बाहेर १६० व्होल्ट धरा. शिखर २२६ वर येतं, ऊर्जा ०.९ ज्यूलच्याही खाली, आणि तग जेमतेम ३४ मिलिसेकंद. व्होल्टेज जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने उतरलं, पण तग धरायची ताकद निम्म्याहून खाली गेली. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून कपॅसिटर सुकत जातो, तेव्हा हे आकडेही आणखी खाली येतात.

आमच्याकडे इन्व्हर्टर बघायला आलेल्या वायरमनकाकांना हे आकडे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांनी पहिला प्रश्न बरोबर तोच विचारला. "संध्याकाळी व्होल्टेज किती येतं, वहिनी?" टीव्हीच्या स्टॅबिलायझरवरचा काटा आईने रोज बघितलेला होता. दुपारी तो २२५ च्या आसपास असायचा. दिवेलागणीनंतर सगळ्या घरांचे दिवे, पंखे, पिठाची गिरणी एकदम चालू झाली की १६० वर यायचा, कधी त्याच्याही खाली. आमचं घर लाईनच्या शेवटाला. दुपारी बॉक्स ती फट ओलांडत होता आणि संध्याकाळी ओलांडता ओलांडता पडत होता. परत उठेपर्यंत आईची मालिका पुढे निघून गेलेली असायची. आई रात्री बघायला बसायची तेव्हा दिवा पेटलेलाच दिसायचा, कारण तोपर्यंत तो उठून बसलेला असायचा.

काकांनी इन्व्हर्टरच्या मागचा एक छोटा खटका सरकवला. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला असा खटका असतो आणि बहुतेक लोक त्याला कधी हात लावत नाहीत. साध्या बाजूला इन्व्हर्टर साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची वीज चालवून घेतो. यूपीएसच्या बाजूला त्याला १८० ते २६० च्या आतलीच वीज चालते, आणि बदलही झटपट होतो. आमच्याकडे याचा परिणाम असा झाला की संध्याकाळी व्होल्टेज १८० च्या खाली उतरलं की लाईट असतानाच घर बॅटरीवर जायचं. सव्वाआठला बाहेरची वीज गेल्याचं बॉक्सच्या गावीही नसायचं. पहिल्या रात्री सबंध भाग मिळाला तेव्हा आईने पेन्सिलीने वेळापत्रकावर त्या दिवसापुढे बरोबरची खूण केली. ती खूण मला अजून आठवते.

याची किंमतही होती. बॅटरी तासभर आधीपासून खर्च व्हायला लागली आणि कमी व्होल्टेजवर ती भरत नव्हती. नऊ वाजेपर्यंत ती टिकावी म्हणून शिकवणीच्या खोलीतल्या दोन पंख्यांपैकी एक बंद करावा लागला. व्होल्टेज १८० च्या काठावर घोटाळत राहिलं की रिले सारखा टकटक करायचा. आईने तरी खटका पुन्हा मागे सरकवला नाही. मुलांना तिने चालू पंख्याखाली दाटीवाटीने बसवलं.

आज हेच काम जास्त सोप्या रीतीने होतं. ज्या बॉक्सला बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, त्याच्या आणि अडॅप्टरच्या मध्ये लिथियमच्या सेलचा एक छोटा यूपीएस बसवता येतो. राउटरसाठी लोक तो घेतातच. त्यात फट जवळजवळ राहतच नाही, कारण बॅटरी कायम जोडलेली असते आणि अडॅप्टरची वीज गेली की तिचीच वीज वाहत राहते. घेताना बॉक्सचं व्होल्टेज आणि अँपिअर दोन्ही बघून घ्यावेत. डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा बॉक्स नेहमीपेक्षा जास्त ओढतो, म्हणून अँपिअर थोडे जास्तच असू द्यावेत. अंगातच वीजपुरवठा असलेल्या जुन्या बॉक्सना ही सोय नाही.

जूनमधल्या वळवाच्या पावसात मात्र कोणताच यूपीएस पुरा पडत नाही. डीटीएचच्या लहरी सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या, आणि दाट पाऊस त्यांना शोषतो. लाईट आणि सिग्नल दोन्ही एकदमच जातात. बॉक्स जिवंत राहतो, रेकॉर्डिंगही चालू राहतं, पण भरले जातात ते नुसते फुटके चौकोन. विजा जवळ कडाडत असतील तर प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढून ठेवावेत. त्या दिवशीचा भाग गेला तरी चालेल. वीज परत येताना न्यूट्रल तुटलेली असेल तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि त्यापुढे कोणताच कपॅसिटर टिकत नाही.

आईचा तो बॉक्स अजून माळ्यावर आहे. डीटीएचची जोडणी आम्ही केव्हाच बंद केली. आता ती मालिका फोनवर बघते. त्या उन्हाळ्यात एक पंखा बंद ठेवून भरलेले भाग डिस्कवर अजूनही असतील. पण बॉक्स रेकॉर्डिंग कुलूपबंद करून साठवतो, आणि त्याची किल्ली त्या जोडणीच्या कार्डाशी बांधलेली असते. डिस्क काढून संगणकाला लावली तरी त्यातून चित्र निघत नाही. मामाकडे 'रामायण' भरलेली कॅसेट आहे. सुरकुत्या पडलेली, रंग उडालेली, मधेच लाईट गेल्याची रेघ असलेली. गेल्या दिवाळीत एका शेजाऱ्याच्या जुन्या व्हीसीआरमध्ये ती घातली, आणि ती चालली.